मालकाचं नाव सोडून सगळं सांगतो

तुम्ही विचारलंत म्हणून. तुम्ही म्हणजे तसे सगळेच. गणपतीत आरती संपून प्रसाद हातावर पडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "काय हो, तुम्ही त्या अब्जाधीशाच्या बोटीवर होतात ना? कुणाची होती?" परवा दाताच्या डॉक्टरांनीही विचारलं. तोंडात आरसा होता म्हणून सुटलो.

नाव मला माहीत आहे, पण सांगणार नाही. सही केली आहे हे एक कारण, आणि इतकी वर्षं न सांगितल्यामुळे आता तशी सवयच झाली आहे हे दुसरं.

मालवाहू जहाजांवर इंजिनियर म्हणून पंधरा वर्षं काढल्यावर या कामावर गेलो. जर्मनीतल्या एका यार्डात यॉट बांधून होईपर्यंत आठ महिने मालकाच्या बाजूने उभं राहायचं आणि नंतर तिच्यावरच कामाला लागायचं, असा करार होता. पहिल्या दिवशी गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. ड्रॉइंगवर यॉटचं नाव नव्हतं, फक्त प्रोजेक्टचा नंबर. वेल्डर, सुतार, मी, सगळे त्या नंबरानेच तिला हाक मारायचो. कागदोपत्री मालक एक कंपनी, झेंडा केमन आयलंड्सचा. माणूस असा कुठेच नाही.

मात्र त्या माणसाला काय ऐकू यायला नको आहे, हे आम्हाला डेसिबलपर्यंत माहीत होतं.

मालवाहू जहाजावर एकच अजस्र इंजिन असतं, ते सरळ शाफ्ट फिरवतं आणि त्याची धडधड तुमच्या दातांत बसते. इथे डिझेल-इलेक्ट्रिक होतं, म्हणजे जनरेटर वीज करणार आणि त्या विजेवर मोटर बोट ढकलणारा पाण्यातला पंखा फिरवणार. इंजिनाचा पंख्याशी थेट संबंध तुटला की जनरेटर हवे तिथे बसवता येतात, लागतील तेवढेच चालवता येतात. आमचे जनरेटर रबराच्या माउंटवर होते, ती चौकट पुन्हा रबरावर, आणि वर आवाज कोंडणारी पेटी. खरी डोकेदुखी पंख्याची. त्याला रबरावर बसवता येत नाही. त्याचं प्रत्येक पातं वर येताना पाण्यातून तळाच्या पत्र्यावर धक्का देतं. म्हणून पाती तिरकी वळवायची, पातं आणि पत्रा यांच्यात भरपूर अंतर ठेवायचं, आणि मालकाची खोली तिथून जमेल तितकी लांब, पुढच्या बाजूला काढायची.

एवढं करून सी ट्रायलला, म्हणजे समुद्रातल्या चाचणीला, त्या खोलीत आवाज आला. किर्र... आणि गप्प. 12 नॉट वेगाला नाही, 15 ला नाही, मधेच कुठेतरी. आम्ही चार जण मोजे घालून (बूट घालून आत यायला बंदी) रांगत भिंतींना कान लावत होतो. माउंट तपासले, पाइपाचे क्लॅम्प तपासले. तिसऱ्या दिवशी एका पोलिश सुताराने कपाटाचा खालचा खण बाहेर काढला, त्याच्या पाठीमागे हात घातला आणि पितळी स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला. अर्धा फेरा सैल होता.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. पलीकडच्या काकूंनी स्टोव्हला किती पंप मारले त्यावरून आज भात की नुसता चहा, हे आईला बसल्या जागी कळायचं. आमच्या घरात भांडण झालं की दुसऱ्या दिवशी नळावर त्याचा निकाल लागलेला असायचा. तो स्क्रू हातात घेऊन मला हसू आलं. का, ते त्या सुताराला समजावता येईना.

सगळेच मालक शांततेवर पैसे घालतात असं नाही. 'अझ्झाम' 2013 साली आली तेव्हा जगातली सर्वांत लांब यॉट होती, 180 मीटर. दोन डिझेल इंजिनं आणि वर दोन गॅस टर्बाइन, वेग 30 नॉटच्या पुढे. ही हौस वेगळी. पण यॉटचा बहुतेक काळ नांगरावर जातो, तेव्हा वीज खातं कोण, तर एसी, स्वयंपाकघर आणि लाटेवरचं डोलणं थांबवणारे स्टॅबिलायझर. म्हणून रात्री जनरेटर बंद ठेवून बॅटरीवर राहायची टूम निघाली, आणि आता हायड्रोजनपासून वीज करायची. नेदरलँड्सच्या फेडशिपने 2024 मध्ये 118.8 मीटरची यॉट पाण्यात सोडली, तीही आधी 'प्रोजेक्ट 821' म्हणूनच माहीत होती. तिच्यात उणे 253 अंशांवर द्रव हायड्रोजन ठेवायची टाकी आहे. अडचण जागेची. तेवढ्याच ऊर्जेला द्रव हायड्रोजन डिझेलच्या चौपट जागा खातो, वर दुहेरी भिंतीची टाकी. मुंबईकराला हे गणित लगेच कळेल.

लपण्याबद्दल मात्र एक गंमत आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासावरच्या 300 ग्रॉस टनांवरच्या जहाजाला एआयएस नावाचं यंत्र बसवावंच लागतं. ते आपलं नाव, जागा, वेग आसपास सगळ्यांना सांगत राहतं. सुरक्षेला धोका वाटला तरच कॅप्टनने बंद करायचं. शिवाय सात आकडी आयएमओ नंबर. नाव बदला, रंग बदला, मालक बदला, तो नंबर जहाजाला जन्मभर चिकटलेला. म्हणजे एवढं मोठं धूड कुठे आहे हे शाळकरी पोरगंही मोबाईलवर बघू शकतं. कुणाचं आहे, तेवढंच झाकलेलं. 2022 मध्ये 156 मीटरची 'दिलबर' ही यॉट रशियावरच्या निर्बंधांमुळे हँबर्गला अडकली, तेव्हा परदेशी कंपन्यांची भेंडोळी उलगडून खरा मालक ठरवायला जर्मन पोलिसांना खपावं लागलं. दाराला पडदा लावण्याला माझी ना नाही. पण दारावर पाटी दुसऱ्याची आणि आत राहणारा तिसराच, हे मला पटत नाही. पगार त्यातूनच आला, हेही खरंच.

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन गेटवेहून मांडव्याला निघालो होतो. लाँच सुटली तशी उजवीकडे एक पांढरी यॉट नांगरलेली दिसली, खिडक्या काळ्या, डेकवर चिटपाखरू नाही. आईने मला कोपराने ढोसलं, "ही कुणाची रे?" मी म्हटलं, "असं सांगत नाहीत."

मागून तिकीटवाल्या पोराने नाव सांगितलं. मग किंमत. मग गेल्या रविवारी कोण कोण आलं होतं, जेवण कुठल्या हॉटेलातून चढलं आणि मालकाच्या सासूला बोट कशी लागली, तेही सांगितलं. आई वळून त्याच्याकडेच तोंड करून बसली. मांडवा येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.