तुम्ही विचारलंत म्हणून: मधुमेह असताना मूल होऊ द्यावं का?

हा प्रश्न मधुमेह असलेल्या बायका नेहमी विचारतात, पण बहुतेक वेळा दिवस गेल्यावर. स्थलांतरित, आदिवासी, कृष्णवर्णीय, म्हणजे ज्या-त्या देशात संख्येनं थोड्या असलेल्या समाजातल्या बायकांकडून तो आणखी उशिरा येतो. साखर तपासणारे मुलाचा विषय काढत नाहीत आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे ती पोचते तेव्हा आठ-दहा आठवडे उलटलेले असतात. उत्तर तसं सरळ आहे: होऊ द्यावं, तिला हवं असेल तर. बहुतेकींना निरोगी मूल होतं. मात्र तयारी दिवस राहण्याआधी झाली पाहिजे, आणि ती होईपर्यंत भरवशाचं गर्भनिरोधक हवं. ज्यांना मूल नकोच आहे त्यांनाही तेच हवं. म्हणून या दोन्ही गोष्टी एकाच भेटीत बोलाव्यात.

आधीच का? बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतो ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. हृदयाची घडणही पहिल्या आठ आठवड्यांतली. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत यातले निदान दोन आठवडे गेलेले असतात. त्या काळात साखर चढी असेल तर गर्भपात आणि जन्मजात दोष दोन्ही वाढतात. म्हणून एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा रक्ताचा आकडा, ६.५ टक्क्यांच्या खाली आणायचा, साखर वारंवार एकदम न उतरता जमत असेल तर. तो १० टक्क्यांच्या वर असेल तर ‘आत्ता थांबा’ असं स्पष्ट सांगायचं. मधल्या आकड्यांवरच्या बाईला घाबरवून परत पाठवू नये. साडेआठवरून सव्वासातावर आली तरी धोका खरोखर कमी झालेला असतो, आणि हे तिला कळलं पाहिजे.

या आकड्यातही एक खोच आहे. शरीरात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. सिकल सेल आजारात किंवा जीसिक्सपीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेत तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तो खऱ्यापेक्षा कमी दिसतो. थॅलेसेमियातही तो भरकटू शकतो. आफ्रिकी, भूमध्य सागरी आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हे रक्तदोष जास्त आढळतात. म्हणजे आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांच्यापैकी अनेकींचा रिपोर्ट ‘छान’ येतो आणि साखर मात्र छान नसते. घरच्या मीटरचे आकडे आणि रिपोर्ट जुळत नसतील तर मीटरवर विश्वास ठेवा, हिमोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी मागा, फ्रुक्टोसामाइन (दोन-तीन आठवड्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या.

मग गोळ्या. बीपीच्या ज्या औषधांची नावं ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने संपतात ती बाळाच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. ती आधीच बदलून लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा घेतात. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन सहसा थांबवतात. साखर आणि वजन उतरवणारं सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करायचं. मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन चालतं. स्वतःहून काही बंद करू नये, कारण औषधाविना चढलेली साखर बाळाला तितकीच वाईट. फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व रोज किमान ४०० मायक्रोग्रॅम. मधुमेहात अनेक ठिकाणी ५ मिलिग्रॅम देतात, तीन महिने आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत. डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्या. साखर झपाट्यानं खाली आली की पडद्याचा जुना आजार काही काळ वाढू शकतो. मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन, शिवाय थायरॉइड, हेही याच वेळी तपासावं.

‘मला शुगर आहे, मला कुठलंच गर्भनिरोधक साधन चालणार नाही’ हा समज फार पसरलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. तांबी जवळजवळ प्रत्येकीला चालते, साखरेवर तिचा काही परिणाम नाही. दंडात बसवायची कांडी आणि हार्मोनवाली तांबीही चालतात. अडचण येते ती इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांची. डोळे, मूत्रपिंड किंवा नसा बिघडल्या असतील, किंवा मधुमेहाला वीस वर्षांहून जास्त झाली असतील, तर त्या टाळतात, आणि तीन महिन्यांचं इंजेक्शनही. पीसीओएस या बीजकोशांच्या हार्मोनच्या बिघाडामुळे पाळी अनियमित आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या बायकांना मेटफॉर्मिन सुरू झाल्यावर किंवा वजन उतरल्यावर अचानक दिवस जातात. टर्झेपॅटाइड हे साखर आणि वजन उतरवणारं इंजेक्शन सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये, सोबत कंडोम हवा.

बोलायचं कसं, यावर बरंच अवलंबून असतं. प्रत्येक भेटीत एकच साधा प्रश्न विचारा: ‘येत्या वर्षभरात मूल व्हावं असं तुम्हाला वाटतं का?’ ‘हो’ आणि ‘नाही’ इतकीच उत्तरं येत नाहीत, ‘ठरलेलं नाही’ आणि ‘झालं तर चालेल’ हीही येतात. अशा बाईला फॉलिक ॲसिड आणि सुरक्षित औषधं लगेच द्यावीत, कारण ती ठरवेपर्यंत गर्भ थांबत नाही. भाषा वेगळी असेल तर प्रशिक्षित दुभाषाच हवा. नवरा नको, सासू नको आणि मुलगा तर मुळीच नको. बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडून आईला ‘मूल नको असेल तर काय वापरता?’ असं विचारायला लावलं की ती ‘काही नाही’ म्हणते आणि विषय तिथेच मिटतो. शेवटी, ठरलेलं तिनं तिच्या शब्दांत परत सांगावं.

ती सल्ल्याकडे संशयानं पाहत असेल तर त्यामागे इतिहास आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९७०च्या आसपास मेक्सिकन वंशाच्या बायकांकडून ऐन बाळंतपणात इंग्रजी कागदांवर सह्या घेऊन नसबंदी झाली. त्यांचा खटला १९७८मध्ये चालला आणि त्या हरल्या. म्हणून ‘तुमच्या समाजात मधुमेह फार, तेव्हा ऑपरेशन करूनच टाका’ असं कुणी कधीही सुचवू नये. तांबी बसवताना ती कधी आणि कुठे काढून मिळेल हे त्याच वेळी सांगावं, आणि तिनं काढा म्हटलं की काढावी.

बाळंतपणानंतर हे सगळं सुटून जातं. ज्या बाईला मधुमेह फक्त गरोदरपणात झाला, तिची बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखरेची तपासणी करायची असते, मग दर एक ते तीन वर्षांनी, आयुष्यभर. त्याची तारीख घरी जाण्याआधीच, तिच्या भाषेत, कागदावर लिहून द्या. इन्सुलिन घेणारी आई अंगावर पाजत असेल तर साखर अचानक उतरते, तेव्हा पाजण्याआधी काहीतरी खायला जवळ ठेवावं. अंगावर पाजत नसेल तर सहा आठवड्यांच्या आतही पुन्हा दिवस जाऊ शकतात, म्हणून पुढच्या साधनाचं गरोदरपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यातच बोलून ठेवावं.