एक फोल्डर, तीन कॉम्प्युटर: घरच्या वायफायवर फाइली वाटून घेताना

आमच्याकडे घरीच डीटीपीचं काम चालतं. पुस्तकं, स्मरणिका आणि पावसाळा लागला की दिवाळी अंक. माझा डेस्कटॉप आतल्या खोलीत असतो, कारण मांडणीचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याचं हार्डवेअर लॉक (ते जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) त्याच मशीनला जोडलेलं आहे. सासरे, म्हणजे बाबा, मराठीचे निवृत्त शिक्षक. मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, तेच वाचतात, पुढच्या सोप्यात बसून, लॅपटॉपवर. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. चित्रं आणि मुखपृष्ठं साफ करून देणं त्याच्याकडे, आणि त्याच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट.

म्हणजे एका लेखाची फाइल तीन मशीनांवरून फिरते. इतकी वर्षं ती पेनड्राइव्हवरून फिरली. 'लेख अंतिम', 'लेख अंतिम बाबा', 'लेख अंतिम दुरुस्त' अशा फाइली जिकडेतिकडे साठायच्या, आणि छपाईला पाठवताना यातली खरी कोणती हे ठरवायला पुन्हा सगळ्यांना एकत्र बोलवायचं. एखाद्या कवीने कळवलेली वेलांटी त्या ढिगात हरवली तर ती चूक कायमची छापली जाते. मला ते सहन होत नाही. म्हणून ठरवलं की फाइल एकच राहील, माझ्या डेस्कटॉपवर, आणि बाकीचे दोघं घरच्या वायफायवरून तीच उघडतील.

क्लाउडवर का नाही, असं बरेच जण विचारतात. एकतर चित्रांनी भरलेल्या अंकाची एकेक फाइल दोनशे एमबीच्या पुढे जाते. ती आधी बाहेर पाठवायची आणि पलीकडच्या खोलीत परत उतरवून घ्यायची, यात काही अर्थ नाही. दुसरं, आम्ही वाईत राहतो, आणि पावसात इंटरनेट जातं. घरातलं नेटवर्क मात्र बाहेरची लाइन तुटली तरी चालू राहतं, राउटरला वीज असली की झालं. आणि लेखकांनी विश्वासाने दिलेलं अप्रकाशित लेखन घराबाहेर न गेलेलं मला बरं वाटतं.

पहिली अडचण अशी निघाली जी कुणाच्या ध्यानात आली नसती. माझ्या डेस्कटॉपवर आणि बाबांच्या लॅपटॉपवर इंटरनेट व्यवस्थित, पण एकाला दुसरं दिसतच नव्हतं. दोन्हीकडे काळी कमांडची खिडकी उघडून आयपीकॉन्फिग, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी आज्ञा, चालवलं. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत होता आणि डेस्कटॉपचा १९२.१६८.० ने. फायबरवाल्याचा डबा सोप्यात आहे आणि त्याचं स्वतःचं वायफाय आहे. आमच्या जुन्या घराच्या मधल्या दगडमातीच्या भिंतीतून ते आत पोचत नाही, म्हणून आतल्या खोलीसाठी वेगळा राउटर बसवून घेतलेला. हा दुसरा राउटर आपलं वेगळंच नेटवर्क थाटून बसला होता. आतल्या मशीनला बाहेर जाता येत होतं, पण सोप्यातल्या लॅपटॉपला आतलं मशीन दिसणं शक्यच नव्हतं. ज्यांच्या घरी असे दोन डबे आहेत त्यांनी बाकी कशालाही हात लावण्याआधी हे पत्ते बघावेत. पत्त्यातले पहिले तीन आकडे जुळले नाहीत तर पुढच्या सेटिंगांवर घालवलेला वेळ फुकट जातो.

उपाय सोपा निघाला. आतला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला. मग तो स्वतः पत्ते वाटत नाही, फक्त वायफाय पुढे पोचवतो. पत्ते एकटा बाहेरचा डबा देतो. पुन्हा पाहिलं तर दोन्हीकडे १९२.१६८.१. त्याच बैठकीत राउटरच्या पानावर जाऊन डेस्कटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवला, म्हणजे वीज जाऊन आली तरी तो बदलत नाही. पाहुण्यांसाठी म्हणून जे वेगळं गेस्ट वायफाय असतं त्यावर मात्र कुणी राहू नये. बहुतेक राउटर त्यावरच्या यंत्रांना घरातल्या बाकी यंत्रांपासून मुद्दाम तोडून ठेवतात.

तरीही लॅपटॉप 'नेटवर्क पाथ सापडला नाही' म्हणत राहिला. इथे लोक पिंग करून, म्हणजे दुसऱ्या मशीनला नुसती हाक मारून बघतात आणि उत्तर आलं नाही की हताश होतात. पण विंडोजचं फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा पहारेकरी, पिंगला उत्तर नाकारू शकतं, त्यामुळे त्यावरून काहीच नक्की ठरत नाही. त्यापेक्षा नेमकं दार ठोठावून बघावं. विंडोजमधली फाइल वाटणी एसएमबी नावाच्या पद्धतीने चालते आणि ती ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारातून येते. पॉवरशेल या विंडोजमधल्या आज्ञा देण्याच्या खिडकीत टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा, पुढे डेस्कटॉपचा पत्ता आणि पोर्ट ४४५, इतकं दिलं की शेवटच्या ओळीत हो किंवा नाही असं स्वच्छ उत्तर येतं. माझं 'नाही' आलं. म्हणजे वाट सापडली होती, दार बंद होतं.

कारण राउटरच्या फेरबदलातच होतं. नेटवर्क बदललं की विंडोज त्याला अनोळखी समजतं आणि 'पब्लिक' असा शिक्का मारतं. रेल्वे स्टेशनवरच्या वायफायला जो नियम तोच आपल्या घराला. सेटिंगमध्ये जाऊन त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रायव्हेट' निवडलं. मग ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये प्रायव्हेटच्या खाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल ॲण्ड प्रिंटर शेअरिंग, दोन्ही चालू. पुन्हा तीच आज्ञा दिली आणि 'हो' आलं.

याच पानावर, अगदी खाली, 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करायचं बटण आहे, आणि अर्धं जग तुम्हाला ते बंद करायला सांगेल. दुसरा सल्ला मिळतो तो एसएमबीची पहिली, जुनी आवृत्ती चालू करण्याचा. मी दोन्हीला नकार दिला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरातली मशीनं बंद पाडली, ती त्याच जुन्या आवृत्तीतल्या एका भगदाडातून. भगदाड बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं, पण ज्यांनी ते घेतलं नव्हतं ते सापडले. त्याच वर्षीपासून नव्या विंडोजमध्ये ही आवृत्ती मुळात बसवलेलीच नसते, आणि ते योग्यच आहे. माझा डेस्कटॉप अजून विंडोज १० वर आहे. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा मशीनवर बिनपासवर्डाचं दार उघडं ठेवणं म्हणजे दुसऱ्यांची पुस्तकं रस्त्यावर ठेवणं. शिवाय बाबांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती. ती बिनपासवर्डाच्या पाहुणा-खात्याने जोडायला आपण होऊनच नकार देते. जुन्या माहितीत आणखी एक नाव वारंवार भेटतं, होमग्रुप, विंडोजमधली घरगुती फाइल वाटणीची जुनी सोय. २०१८ च्या एप्रिल अपडेटपासून विंडोज १० मधून ते काढून टाकलेलं आहे, शोधत बसू नये.

मग सरळ रस्ता धरला. डेस्कटॉपवर 'मुद्रित' नावाचं वेगळं साधं खातं तयार केलं, रोमन अक्षरांत, चांगला लांब पासवर्ड देऊन. या खात्याला मशीनवर दुसरे कसलेही अधिकार नाहीत. डी ड्राइव्हवर 'काम' नावाचं एकच फोल्डर केलं आणि तेवढंच शेअर केलं. अख्खा ड्राइव्ह कधीच नाही.

परवानग्यांचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे बहुतेक जण अडकतात आणि वैतागून 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' करून मोकळे होतात. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये दोन वेगळी पानं आहेत, शेअरिंगचं आणि सिक्युरिटीचं. वाड्याचा दिंडी दरवाजा आणि आतल्या खोलीची कडी असं ते आहे: दरवाजा उघडा असून कडी लावलेली असली तरी माणूस बाहेरच. दोन्हीतली जी कडक परवानगी ती लागू होते. शेअरिंगमध्ये 'मुद्रित' खात्याला चेंज दिलं, सिक्युरिटीमध्ये मॉडिफाय. आत 'छापून झालेलं' नावाचं फोल्डर आहे. त्याच्या सिक्युरिटीत वरून येणारी परवानगी तोडून फक्त वाचण्याची ठेवली. जुने अंक कुणीही उघडून बघावेत, बदलता कुणालाच येऊ नयेत.

लॅपटॉपवरून पहिल्यांदा उघडताना बाबाच बसले होते. पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा, मग डेस्कटॉपचं नाव, एक रेघ आणि फोल्डरचं नाव. नाव आणि पासवर्ड मागणारी चौकट आली.

"अगं, हा माझा पिन घेत नाहीये."

"बाबा, तो पिन तुमच्या लॅपटॉपपुरताच आहे, माझ्या मशीनला तो ठाऊक नाही. मी कागदावर लिहून दिलंय ना, ते नाव आणि तो पासवर्ड घाला. नावाच्या आधी माझ्या मशीनचं नाव आणि तिरपी रेघ."

ही शेवटची गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे. नुसतं खात्याचं नाव दिलं तर ते कुठल्या मशीनवरचं, हा घोळ होऊ शकतो. मशीनचं नाव आधी लावलं की प्रश्न उरत नाही. डेस्कटॉपचं मूळ नाव अक्षरं-आकड्यांची माळ होती, म्हणून ते आधीच बदलून सुटसुटीत केलं होतं. 'लक्षात ठेवा' वर टिचकी मारली, मॅप नेटवर्क ड्राइव्हने त्या फोल्डरला झेड हे अक्षर दिलं, आणि आता बाबांना 'धिस पीसी' उघडलं की तिथेच झेड दिसतो. त्यांनी लगेच एका कथेचं मुद्रित उघडलं आणि पहिल्याच पानावर 'आशिर्वाद' मधली पहिली वेलांटी दीर्घ करायची खूण केली. मी आत त्याच फाइलीत ती खूण पाहिली.

मुलाच्या लिनक्सवर काही बसवावं लागलं नाही. फाइल मॅनेजरमध्ये पत्ता टाकला, तेच नाव, तोच पासवर्ड. लिनक्सला विंडोजशी असं बोलता येतं त्यामागे सांबा या मुक्त सॉफ्टवेअरचं मोठं काम आहे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये कॅनबेरात, तारेवरून जाणारी पाकिटं बघून बघून ती पद्धत उलगडत नेली आणि सगळ्यांसाठी खुली केली. मला अशा माणसांबद्दल फार आदर आहे. देवनागरीतली फाइलींची नावंही तिन्ही मशीनांवर जशीच्या तशी दिसली, जोडाक्षरांसकट.

फाइलीच्या आतल्या मजकुराचं तसं नाही. माझं मांडणीचं सॉफ्टवेअर जुन्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टवर चालतं. ती मूळ फाइल ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे उघडली तर रोमन अक्षरांची गिचमीड दिसते. म्हणून बाबांकडे कायम फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच जाते, आणि खुणा ते तिच्यावरच करतात.

त्यातून एक नवीन गोष्ट समोर आली. बाबांकडे पीडीएफ उघडी असली की मला त्याच नावाने नवी पीडीएफ काढता येत नाही, फाइल वापरात आहे असा निरोप येतो. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्सच्या खाली ओपन फाइल्स आहे. तिथे कुणाकडे काय उघडं आहे ते दिसतं. तिथून ती जबरदस्तीने बंदही करता येते, पण बाबांच्या न साठवलेल्या खुणा जातील, म्हणून मी तसं करत नाही. आता प्रत्येक वेळी नव्या फोल्डरात पीडीएफ निघते: पहिलं मुद्रित, दुसरं मुद्रित, शेवटचं मुद्रित. छापखान्याची जुनीच रीत आहे ती.

वेगाचं म्हणाल तर सुरुवातीला मोठ्या फाइली रेंगाळत होत्या. दोन्ही मशीनं वायफायवर असली की तोच मजकूर हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून, आणि दोन्ही खेपा त्याच हवेतल्या जागेत. डेस्कटॉप हलणारा नाहीच, म्हणून त्याला केबलने आतल्या राउटरला जोडला. त्या राउटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला अकरा-बारा एमबीच्या वर जाणार नाही. पण दोनशे एमबीला वीसेक सेकंद आम्हाला पुरतात. सोप्यात मुळात पाच गिगाहर्ट्झचं वायफाय छान मिळतं, भिंतीपलीकडेच ते विझतं.

डेस्कटॉप झोपला की फोल्डर गायब होतं, तेव्हा स्लीप बंद केला; स्क्रीन तेवढी मिटते. डेस्कटॉप, दोन्ही राउटर यूपीएसवर आहेत.

आणि एक गोष्ट प्रत्येकाने फाइली वाटायला काढण्याआधी समजून घ्यावी. नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते. फोल्डर एक झालं की धोकाही एकाच जागी येतो. माझ्या मशीनवर रोज रात्री रोबोकॉपी, विंडोजमधलीच प्रती काढणारी आज्ञा, 'काम' फोल्डरची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढते, आणि इकडे काढून टाकलेलं तिकडूनही काढायची आज्ञा मी तिला दिलेली नाही. ती डिस्क नेटवर्कवर शेअर केलेली नाही, 'मुद्रित' खात्याला तिच्यावर काहीच अधिकार नाहीत, आणि दर रविवारी मी ती काढून दुसरी लावते. पहिली कपाटात जाते.