पांढऱ्या जेवणातून भेंडीपर्यंत

दूध, दहीभात, तूप-साखर-पोळी, बिस्किटं आणि केळं. साडेतीन वर्षांच्या लेकीच्या खाण्यात याशिवाय काही उरलं नव्हतं. घर शाकाहारी, त्यामुळे 'अंडं तरी द्या' हा सल्ला आमच्या कामाचा नव्हता. जे करायचं ते भाज्या, डाळी आणि कडधान्यांतूनच. त्याला जवळजवळ तीन महिने लागले. किती प्रमाणात काय केलं आणि कुठे फसलो, ते लिहितो.

पहिले ४ दिवस काहीच बदललं नाही, फक्त लिहून ठेवलं. तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट, पाळणाघरातली धरून. बेरीज केली तर दूध रोजचं ६५० मिली, बिस्किटं ७-८ आणि संध्याकाळी जेवणाआधी तासभर कुरमुरे किंवा केळं. म्हणजे 'काहीच खात नाही' हे आमचं वाक्य खोटं होतं. पोट भरत होतं, फक्त जेवणाने नव्हे. या वयाला दिवसाचं ३०० ते ४०० मिली दूध पुरतं. ५०० मिलीच्या वर गेलं की जेवणाची भूक मरते, आणि दुधात लोह जवळपास नसतंच. बद्धकोष्ठता असेल तर भूक आणखी मंदावते, म्हणून वहीत शौचाचाही रकाना ठेवा.

याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडून वजन, उंची आणि हिमोग्लोबिन पाहून घेतलं, जंतांच्या औषधाचं विचारून घेतलं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं; २ वर्षांनंतर ते वर्षाला साधारण २ किलोच वाढतं. भूक कमी होणं त्यामुळे ओघानेच आलं. दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाला 'नको' म्हणणंही नेहमीचंच. पण वजन अडलेलं असेल, मूल पांढुरकं दिसत असेल, माती-खडू खात असेल किंवा प्रत्येक घट्ट घासाला ठसका-उलटी होत असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर. भूक वाढवणारं टॉनिक दुकानातून आपल्या मनाने आणू नका. त्यातल्या काहींमध्ये झोप आणणारं औषध असतं.

दूध आम्ही पाणी घालून पातळ केलं नाही, ते मुलांना लगेच कळतं. दर ३ दिवसांनी पेल्यातून ५० मिली कमी केलं आणि रात्री झोपतानाचा पेला सकाळच्या नाश्त्याला जोडला. १५ दिवसांत ३५० मिलीवर आलो. वेळा ठरवल्या: ८ नाश्ता, १०:३० फळ, १ जेवण, ४:३० खाऊ, ७:३० जेवण. मधल्या वेळात फक्त पाणी. दोन खाण्यांच्या वेळांत अडीच ते साडेतीन तासांचं अंतर राहिलं पाहिजे. पहिले ५-६ दिवस रडारड होते, आणि नेमकी तेव्हाच आजी-आजोबांच्या हातात बिस्किटाचा पुडा दिसतो. घरातल्या सगळ्यांशी आधी बोलून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया.

आता ताट. मुलांना पदार्थ एकमेकांत मिसळलेले आवडत नाहीत म्हणून लोक कप्प्यांच्या प्लेटा आणतात. आपली ताट वाढायची रीतच मुळात तशी आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाजी आणि वाटीत आमटी; मध्ये भात किंवा पोळी. प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रमाण थोडं, ओलं ते वाटीत. आम्ही लहान स्टीलच्या ताटात तिला तसंच वाढायला लागलो. नियम एवढाच, की ताटात एक हमखास खाल्ली जाणारी गोष्ट हवी (दहीभात चालेल), एक अर्धी ओळखीची, आणि एक नवी. नवी म्हणजे एक चहाचा चमचा, त्याहून जास्त नाही. मोठा ढीग बघूनच मूल मागे सरतं.

गोडही त्याच ताटात. 'भाजी संपव, मग गोड' म्हटलं की भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस, असा हिशोब मुलाच्या डोक्यात पक्का बसतो. शिऱ्याचा एक चमचा भाजीशेजारी वाढला तर ती आधी शिराच खाते, हे खरं. पहिले दहा दिवस हेच झालं. पण शिरा संपल्यावर दुसरा मिळत नाही, आणि भूक उरलेली असते.

काय, कधी आणि कुठे वाढायचं ते आपण ठरवायचं. किती खायचं, खायचं की नाही, हे मुलाने. २०-२५ मिनिटांत ताट उचलायचं, न बोलता. मोबाइल नाही, आणि शेजारी निदान एक मोठं माणूस तेच जेवत असलं पाहिजे. 'एक घास काऊचा, एक घास चिऊचा' दीड वर्षापर्यंत ठीक आहे. साडेतीनच्या मुलाला भरवत राहिलं तर आपण घास टोचत राहतो आणि तोंड मिटून बसणं हा त्याचा खेळ होतो.

खरी अडचण चवीपेक्षा पोताची होती, हे कळायला मला महिना लागला. बुळबुळीत, गिळगिळीत, तोंडात अचानक लागणारं साल किंवा मोहरी. पाचव्यांदा आमटी परत आल्यावर लक्षात आलं, की आमटी नको नव्हती, कढीपत्ता नको होता. फोडणीतली मोहरी वगळून जिऱ्याची पूड घातली, कढीपत्ता ओल्या खोबऱ्याबरोबर वाटला, टोमॅटोचं साल काढलं. तीच तूरडाळीची आमटी वाटीभर गेली.

भेंडीचं गणितही तेच. २०० ग्रॅम कोवळी भेंडी घ्या, टोक मोडून बघा, कट्‌कन तुटली पाहिजे. आधी धुवा, पुसा, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या आणि मगच चिरा. ठाण्याच्या पावसाळ्यात याला दोन-तीन तास लागतात, म्हणून मी रात्रीच धुऊन कापडावर पसरतो. चिरल्यावर पाणी लागलं तर चिकट सुटलाच समजा. चकत्या अर्ध्या सेंटिमीटरच्या. पसरट कढईत २ मोठे चमचे तेल, जिरं, हळद, मग भेंडी. मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटं. झाकण अजिबात नाही, कारण वाफेचं पाणी परत आत पडतं. ५ मिनिटांनी अर्ध्या लिंबाचा रस, आंबटाने चिकटपणा तुटतो. सारखं ढवळू नका, दर दोन-तीन मिनिटांनी एकदा. मीठ अगदी शेवटी, कारण लवकर घातलं की ते पाणी ओढून काढतं. वरून एक मोठा चमचा दाण्याचं कूट. चकत्या कडेने तपकिरी, कुरकुरीत झाल्या पाहिजेत.

आठवड्यातून दोनदा ही भेंडी ताटात यायची, दोन चकत्या. पहिल्यांदा तिने ताट ढकललं, मग बोटाने दाबून बघितली, वास घेतला, चाटली, थुंकली. हे सगळं मोजायचं. थुंकणं म्हणजे नापास नव्हे, चव घेऊन झाली. नवव्या वेळी तिने चावून गिळली. साधारणपणे ८ ते १५ वेळा समोर यावं लागतं, आणि बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच 'हिला आवडत नाही' असा शिक्का बसतो. नवा पदार्थ रात्री काढू नका. पाळणाघरातून आलेलं मूल ७:३० ला पेंगुळलेलं असतं. सगळ्यात जास्त यश ४:३० च्या खाऊला.

त्या खाऊला आमच्याकडे दुधीचं थालीपीठ चाललं. १ वाटी भाजणी, पाऊण वाटी किसलेली दुधी, चमचाभर तीळ, चिमूटभर ओवा, हळद, मीठ. कालवून १० मिनिटं झाकून ठेवा, दुधीचं पाणी सुटू द्या, आणि मग लागलं तरच पाणी. आधीच पाणी घातलं की दुसऱ्या थालिपीठापर्यंत पीठ सैल होतं आणि तव्यावर तुटतं. तळहाताएवढीच थापा, मध्ये भोक पाडून तेल सोडा. किसण्याआधी दुधीचा कच्चा तुकडा स्वतः चाखून बघा. कडू लागली तर अख्खी फेकून द्या. तो कडवटपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही.

पालक-गाजर पोळीत लपवायचं की नाही, यावर घरात बराच वाद झाला. माझं मत, घाला, पण नाव सांगून घाला: 'ही पालकपुरी'. लपवलेलं एकदा सापडलं की मूल पोळीवरही संशय घेतं, आणि आधी खात होतं तेही सुटतं. आमच्याकडे बीट घातलेल्या पराठ्याने हे झालं. साधी पोळी परत सुरू व्हायला ८ दिवस गेले.

लोहासाठी पालकावर विसंबू नका. त्यात लोह आहे, पण पालकातल्याच ऑक्झॅलेट नावाच्या घटकामुळे अंगी फार थोडं लागतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात १ ते ३ वर्षांसाठी रोज ८ मिलिग्रॅम आणि ४ ते ६ वर्षांसाठी ११ मिलिग्रॅम लोह सांगितलंय. आमचा भर मूग, मटकी, मसूर, चवळी आणि अळिवावर, आणि प्रत्येक वेळी वर लिंबू, कारण क जीवनसत्त्वाबरोबर वनस्पतीतलं लोह जास्त शोषलं जातं. चहाने उलट होतं, त्यामुळे बशीतला चहा बंद. मूग ८ तास भिजवून फडक्यात बांधायचे. इथल्या दमट हवेत १२ तासांत मोड येतात आणि तेवढ्यातच आंबूसही होतात, म्हणून मधे एकदा धुवा. लहान मुलांना कच्चे मोड देऊ नका, नीट शिजवा. मुगाची उसळ तिला आवडली नाही, पण तेच मूग वाटून केलेलं धिरडं आवडलं. १ वाटी मुगाला २ चमचे तांदळाचं पीठ घातलं की कडा कुरकुरीत होतात. कॅल्शियमसाठी नाचणी: १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. ब-१२ मात्र भाज्या-डाळींतून मिळत नाही. दूध कमी केलं तरी दही-ताक ठेवायचं ते त्यासाठीही.

शनिवारी सकाळी जांभळी नाक्याच्या मंडईत तिला बरोबर नेतो. दोन भाज्या समोर धरून 'यातली कुठली?' एवढंच विचारतो. 'काय आणू?' असं मोकळं विचारलं की उत्तर 'चॉकलेट' येतं. समुद्रमेथीच्या चिमुकल्या जुड्या तिने स्वतः निवडल्या. ती वाळूत वाढते, म्हणून मुळं कापून ४-५ पाण्यांतून काढा, पाणी ओतू नका, पालाच वर उचलून घ्या. एकदा दाताखाली वाळू आली की ती भाजी काही महिने तरी विसरा. पावसाळ्यात येऊरकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. त्यातली कर्टोली मुलांना चालतात, कोवळी घेऊन पातळ कापांसारखी परतली तर. शेवळं नकोत. त्यांची खाज मारायला घालतात ती काकडं (आंबट रानफळं) नीट पडली नाहीत तर घशाला खाज सुटते आणि मुलाला ते सांगताही येत नाही.

डब्यात पोळीची गुंडाळी दुपारपर्यंत ओलसर होते. भाजीत चमचाभर भाजलेलं बेसन घाला, ओल शोषली जाते. अर्ध्या पोळीचे चार तुकडे, एवढंच. मटार ठेचून घाला. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं आणि कच्च्या गाजराचे जाड तुकडे ५ वर्षांपर्यंत नकोतच, घशात अडकतात. आमच्या पाळणाघरात टीव्हीसमोर भरवत होते. वाद न घालता डबा अर्धा केला आणि 'उरलं तर परत पाठवा, भरवू नका' अशी चिठ्ठी ठेवली. दोन आठवड्यांत डबे रिकामे यायला लागले, खरोखर खाऊन की कसे, ते मी फार खोदलं नाही.

मधे ताप आला आणि सगळं दहीभातावर परतलं. अशा वेळी जोर करायचा नाही. बरं वाटल्यावर सर्वात शेवटी जमलेल्या दोन पदार्थांपासून पुन्हा सुरू करा. दुसऱ्या खेपेला निम्मा वेळ लागतो.

आज यादीत १४ भाज्या-कडधान्यं आहेत. गवार आणि कारलं मी मुद्दामच काढलेलं नाही, लहानांना कडू आपल्यापेक्षा जास्त झोंबतं. दोडक्याची भाजी सात वेळा परत आली. त्याच्या शिरा मंद आचेवर तीळ-खोबऱ्याबरोबर कुरकुरीत परतून चटणी केलीय, ती ताटात डावीकडे, लिंबाशेजारी असते. काल तिने बोट लावून चाटली आणि 'खारट' म्हणाली, तेव्हा पुढच्या वेळी मीठ अर्धं.