तेराव्या हिश्श्याचं इंजिन

मे महिन्यात भुसावळला दुपारी दोन वाजता पत्र्याखालच्या लेथच्या हँडलला हात लावून बघा, म्हणजे माझ्या छोट्या वाफेच्या इंजिनाच्या भागांना मी शेवटचा कट नेहमी पहाटे का मारतो ते सांगावं लागणार नाही. पितळेचा २५ मिलिमीटरचा तुकडा २० अंशांनी तापला की जवळजवळ एक शतांश मिलिमीटर फुगतो. केसाचा सहावा-सातवा हिस्सा. परवा खिडकीपाशी उन्हात पडलेला पिस्टन सिलिंडरात जायलाच तयार नव्हता. माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला, थोड्या वेळाने मुकाट आत सरकला. फडकं परत माठाला गुंडाळलं तेव्हा त्याला तेलाचा वास येत होता, आणि त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं.

इंजिन आहे डब्ल्यूजी. १९५० साली चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्यातून निघालेलं पहिलं इंजिन याच जातीचं आणि १९७० साली तिथून निघालेलं ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिनही याच जातीचं. मालगाड्या ओढणारं, दणकट. प्रवासी गाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूपीसारखं नाकावर तारा मिरवणारं नव्हे. आपली ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, साडेपाच फुटांची, माझी पाच इंचांची. म्हणजे सगळ्या मापांना १३.२ ने भागायचं. १५६२ मिलिमीटरचं चाक ११८ मिलिमीटरचं होतं. भागाकार सोपा आहे. पुढचं अवघड आहे, कारण कामगाराला १३.२ ने भागता येत नाही. अंगठा तेवढाच राहतो, चष्म्याचा नंबर तेवढाच राहतो, उलट वाढतो.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते सगळ्यात बारके भाग. चाकं, फ्रेम ही कामं एकदा लागली की होतात. पण ग्लँडचा, म्हणजे सांध्यातून वाफ गळू नये म्हणून आवळायचा नट घ्या. षटकोनी पितळी रॉड चकमध्ये धरायचा, फेसिंग करून तोंड सपाट करायचं, सेंटर मारायचा, ५.७ चं ड्रिल, मग पाव इंची, इंचाला ४० आटे पाडणारा टॅप. नळ्यांची भिंत पातळ, म्हणून आटे असे बारीक. टॅप हाताने फिरवायचा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. या वेळी कुणी "चहा ठेवू का?" असं विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. टॅप तुटायच्या आधी बोटांना कळतं, कानाला कळत नाही. मग कड मारायची आणि पार्टिंग टूलने कापायचं. कापलेला नट खालच्या ट्रेमधल्या किसात पडतो आणि दिसेनासा होतो. पितळेच्या किसात पितळेचा नट. लोहचुंबक कामाचं नाही. माझा एक नियम आहे: हरवलेला नट शोधायचा, दुसरा करायचा नाही. दुसरा करायला कमी वेळ लागतो हे मला माहीत आहे, सगळे सांगतातही. तरी नाही.

माल म्हणाल तर जळगावच्या भंगारात सोनं पडलंय. केळीच्या मळ्यांतले पंप मरतात, त्यांतले गनमेटलचे बुश भंगारात येतात. वजनावर घ्यायचे, टर्न करायचे. रावेर-यावलच्या केळींना पाणी पाजून दमलेला धातू आता वाफ कोंडणार. बॉयलर मात्र तांब्याचा आणि त्याचे सांधे जोडायला चांदीचाच डाग. सात किलो दाबाला वाफ १७० अंशांच्या आसपास असते आणि साधं कथिल-शिशाचं सोल्डर १८३ ला पाणी होतं. एवढ्याशा फरकावर कुणी आपली बोटं ठेवावीत? म्हणून सराफ बाजारातला एक ओळखीचा कारागीर गाठला. टाकणखार, ब्लोअर, चिमटा, सगळं त्याचंच. बांगडीचा डाग देणाऱ्या माणसाने बॉयलरची नळी उजेडात धरून फिरवून पाहिली आणि विचारलं, "घालणार कोण हे?"

घालणार कोण, चालवणार कोण, ठेवणार कुठे. यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

माझे वडील, आप्पा, वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकणारे फायरमन होते. आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. रात्री-अपरात्री ड्युटीचं बोलावणं घेऊन कॉलबॉय सायकलवर यायचा, वही पुढे करायचा, आप्पा झोपेतच सही करायचे. कॉलबॉय म्हणायचे खरं, पण त्याच्या मिशा पिकलेल्या होत्या. आई डबा भरायची. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. आप्पा गेले की आमची झोप परत लागायची, आईची लागायची की नाही ते कधी विचारलं नाही.

उन्हाळ्यात गच्चीवर आई ज्वारीचे बिबडे घालायची, ओल्या धोतरावर थापून. आणि वारा फिरला की लोको शेडकडून कोळशाची कणी यायची. पांढऱ्या बिबड्यांवर काळे ठिपके. आम्हा पोरांचं काम राखणीचं. कावळ्यांना हाकलता येतं, कणीला काय हाकलणार? पावसाळ्यात ते बिबडे तळले की दाताखाली कच्च व्हायचं आणि आई म्हणायची, "तुना बापनी धाडेल शे!" आप्पा मान खाली घालून खात राहायचे. आता बिबडे विकत मिळतात, स्वच्छ असतात. चवीत काहीतरी कमी आहे असं मी म्हणतो आणि बायको म्हणते, कोळसा.

तर आप्पांना हे इंजिन आवडेल असं मला वाटायचं. ते खोलीत येतात, स्टुलावर बसतात, लेथकडे बघतात. "काय करी ऱ्हायना?" विचारतात. मी सांगतो. ते हं म्हणतात. काळ्या इंजिनाचं कौतुक लोकांना आहे, त्यांना नाही. फायरबॉक्सचं दार उघडलं की समोरून जाळ, पाठीमागून मे महिना, हातात फावडं. त्यावर ललित लिहावं असं त्यांना काही वाटत नाही. चाकं झाली, सिलिंडर झाले, मोशन, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, हाताने फिरवून दाखवलं, हं. गेल्या आठवड्यात बॉयलर टेबलावर ठेवला तेव्हा मात्र ते उठून जवळ आले. मागच्या पत्र्यावर, बॅकप्लेटवर, बोट फिरवलं.

"पानी कोठे दिखस?"

मी गेज ग्लास, बॉयलरातलं पाणी दाखवणारी काचेची नळी, दाखवली. बेढब दिसू नये म्हणून बारीक केलेली, काडीएवढी. आणि नाइलाजाने तिची मेख सांगितली. तीन मिलिमीटर पोकळीच्या काचेत पाणी आपणहून जवळजवळ सेंटिमीटरभर वर चढतं. मोठ्या इंजिनाच्या जाड नळीत ते चढणं नगण्य. इथे फायरबॉक्सच्या छतावर पाणीच मुळात दोन सेंटिमीटर. म्हणजे काच अर्धी भरलेली दिसेल आणि आत छत उघडं पडायला आलेलं असेल.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोलले ते सलग बोलले, माझ्या आयुष्यात क्वचितच बोलले असतील इतके. छतात शिशाचा प्लग असतो, पाणी उतरलं की तो वितळतो, वाफ आगीवर येते. प्लग गेला की ड्रायवर-फायरमन दोघांची चौकशी. आणि प्लग जायच्या वेळी गेला नाही तर चौकशीला माणूसच उरत नाही. म्हणून गाडी सुटण्याआधी काचेचे कॉक उघडून पाणी सोडायचं, परत चढतं का बघायचं. ड्रायवरने पाहिलं असलं तरी आपण पाहायचं. कॉलबॉयच्या वहीवर झोपेत सही करणारा माणूस हे सांगताना डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होता.

"मंग मोठी काच बसाड."

सहा मिलिमीटर पोकळीची बसवतोय. चढ निम्म्यावर येतो आणि बाकीचा हिशेबात धरून काचेमागे खूण करता येते. प्रमाणात मोजली तर खऱ्या डब्ल्यूजीवर ती तीन इंची नळी झाली असती. जाणकारांना लगेच खटकेल, फोटोत तर नक्कीच बेढब दिसेल. दिसू दे.