रस्ता नाही हे सिद्ध करायला आठ महिने गेले (माझा अनुभव)

जिल्हा, तालुका मुद्दाम लिहीत नाहीये, कारण काम अजून व्हायचंय आणि मला परत त्याच टेबलासमोर जाऊन उभं राहायचंय. मी ग्रामपंचायत सदस्य. आमचा भाग पेसात, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रात येतो. गावठाण खाली डांबरी रस्त्याला लागून, आणि आमचा पाडा तिथून सव्वातीन किलोमीटर वर, मधे ओढा.

प्रधानमंत्री ग्रामसडकचा चौथा टप्पा केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. ७०,१२५ कोटी, ६२,५०० किलोमीटर, २५,००० न जोडलेल्या वस्त्या, मुदत २०२८-२९ पर्यंत. सपाटीला २०११ च्या जनगणनेप्रमाणे ५०० लोकवस्ती लागते, पण आदिवासी भागात २५० वर भागतं. आम्ही २१४ भरतो. टेकाडापलीकडच्या पाड्याची ६८ माणसं आहेत आणि ५०० मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते, हे बऱ्याच सरपंचांना माहीतच नसतं, तेवढ्यावरून नावं गळतात. जनगणनेत आकडा अख्ख्या गावाचा येतो, पाड्यांचा वेगळा नसतो, म्हणून ग्रामपंचायतीकडून पाडानिहाय दाखला आधीच करून ठेवा. आमचा झाला होता, ठराव झाला होता, जानेवारीत सर्वेवाले मोबाईलवर ॲप घेऊन आले, फोटो काढले, चहा घेतला, गेले. सगळं सुरळीत.

मार्चमध्ये यादी बघितली तर आमचं नावच नाही.

मी ऑफिसला गेले. टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, ताई, तुमचा पाडा कॉम्प्युटरला जोडलेला दाखवतोय. मी म्हटलं जोडलेला म्हणजे कशानं? रस्त्यानं. कुठल्या रस्त्यानं? ते तुम्हाला माहीत, तुमच्याच गावचा आहे. असं बोलणं. दुसऱ्यांदा गेले तर साहेब साइटवर, तिसऱ्यांदा साहेब मीटिंगला, चौथ्यांदा भाऊसाहेबच रजेवर आणि शेजारच्या टेबलावरचा म्हणतो मिस्टरांना पाठवा ना, तुम्ही कशाला हेलपाटे घालता. मिस्टर सदस्य नाहीत, मी आहे, हे सांगितलं तर हसला. प्रत्येक वेळी जीपचे जायचे साठ यायचे साठ, शिवाय त्या दिवसाचा रोज बुडतो तो वेगळाच. वर सल्ला काय, तर केंद्राचं कशाला मागता, ३०५४ मधून (रस्ते दुरुस्तीचं सरकारी खातं) मागा. अहो, त्यात दुरुस्तीला जे येतं त्यानं खड्डे बुजत नाहीत, ओढ्यावर मोरी कुठून होणार?

शेवटी माहिती अधिकार टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, एकोणतिसाव्या नाही. त्यात कळलं की बारा वर्षांपूर्वी रोहयोतून आम्हीच पाट्या वाहून जो मुरूम टाकला होता तो कागदावर रस्ता म्हणून चढलाय. पलीकडच्या खोऱ्यातला एक पाडा यादीत आहे, वाट आमच्यासारखीच, फरक इतकाच की तिथं कुणी मुरूम टाकला नव्हता. ते वाचून मी अर्धा तास नुसती बसून होते.

आणि इथं माझीपण चूक झाली, ती सांगते म्हणजे तुमचे दोन महिने वाचतील. मी भांडत होते डांबरावरून. डांबर नाही, खडी नाही, मग रस्ता कसला? एक डेप्युटी इंजिनिअर भेटले (सगळेच वाईट नसतात), ते म्हणाले, ताई, नियमात डांबर कुठंच नाहीये. बारमाही रस्ता असला की वस्ती जोडलेली धरतात, मग वर मुरूम का असेना. तुम्ही तो बारमाही नाही एवढंच दाखवा. ओढ्यावर मोरी आहे का? मी म्हटलं नाही. मग हे आधी का नाही सांगितलं? म्हटलं, कुणी विचारलं का! जानेवारीत सर्वे झाला तेव्हा ओढा कोरडा ठणठणीत, पोरं त्यात क्रिकेट खेळत होती, ॲपवरच्या फोटोत ओढा म्हणजे नुसता उतार दिसतो.

मग मी पावसाची वाट बघत बसले, आयुष्यात पहिल्यांदा ओढ्याला पूर यावा म्हणून देवाला म्हटलं असेल. जुलैत आला. फोटो काढताना मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा, तारीख-वेळ फोटोवर आली पाहिजे, माझे पहिले वीस फोटो त्यामुळे वाया गेले. बाजूला बांबू रोवून त्यावर फूटभराच्या खुणा केल्या, पाणी साडेतीन फुटांवर. गुरुजींकडून हजेरीपटाची झेरॉक्स घेतली, खालच्या शाळेत जाणारी आमची अकरा पोरं जुलै-ऑगस्टमध्ये मिळून सतरा दिवस गैरहजर, अकराही त्याच त्याच दिवशी. आशाताईंच्या वहीत दोन बाळंतिणींना झोळीतून खाली नेल्याची नोंद होती, तीही लावली. तलाठ्यांचा पंचनामा लावला. ग्रामसभेचा नवा ठराव घेतला, त्यात ‘रस्ता करून मिळावा’ असं मोघम लिहिलं नाही, ‘ओढ्यावर मोरी नसल्याने वस्ती बारमाही जोडलेली नाही, फेरसर्वे व्हावा’ असं लिहिलं. पहिल्या ठरावात मोघम लिहिलं होतं म्हणून तो कुठल्या फायलीत गेला देव जाणे.

एक राहिलं, कुठलाही कागद दिला की आवक नंबर घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. मार्चमधला माझा अर्ज ‘आलाच नाही’ म्हणाले, पोहोच नव्हती, गप बसावं लागलं. आणि मेरी सडक ॲपवर यासाठी तक्रार करत बसू नका, ते योजनेतल्या रस्त्यांच्या कामाच्या तक्रारींसाठी आहे, मी तिथंही एक रविवार घालवला.

हे वरच्या ऑफिसला दिलं तर म्हणे दिल्लीहून होतं, आमच्या हातात नाही. दिल्लीचे पैसे आपल्यासारख्या राज्याला ६० टक्के, राज्याचे ४०, पण दिल्लीला आमचा ओढा कोण सांगणार, इथूनच सांगायचाय ना? हे मी जरा मोठ्यानं बोलले. मागं रांगेतला एक सरपंच म्हणाला बरोबर आहे ताईचं, मग आणखी दोघं बोलले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला बसायला खुर्ची मिळाली.

सप्टेंबरमध्ये फेरसर्वे झाला, पाऊस चालू असताना. सर्वेवाल्या पोराची गाडी ओढ्याच्या अलीकडेच राहिली, तो पँट दुमडून आला, वर आल्यावर म्हणाला आता पटलं. नोव्हेंबरात यादीत नाव. मी घरात कुणाला न सांगता तो कागद तीनदा वाचला.

जागेचं बघून ठेवा, योजनेत जमिनीचे पैसे मिळत नाहीत. आमच्या चुलत सासऱ्यांची दोन आंब्याची झाडं जातायत, त्यांनी संमतीपत्रावर सही करायला पंधरा दिवस लावले, आणि केली ती पण आंबे उतरवून झाल्यावरच झाडं तोडायची या अटीवर.

आता फक्त यादीत पाड्याचं नाव चुकलंय, एक काना जास्त पडलाय. दुरुस्तीचा अर्ज सोमवारी दिला. आवक नंबर ११८४.