बांगड्याच्या काट्यांखाली

ही गोष्ट माझ्या मैत्रिणीच्या न खाण्याच्या आजाराची. लिहिण्याआधी तिला विचारलंय. "नाव घालू नको आणि मला बिचारी करू नको" एवढ्याच दोन अटी.

आम्ही दोघी फोंड्याच्या, काम पणजीत, सकाळची बस एक आणि दुपारचा डबाही एकत्रच. मला पहिला संशय आला तो तिच्या ताटावरून. नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या, ताटात लपवायला भरपूर जागा असते. बांगडा ती इतका निगुतीने सोडवायची, साल वेगळी, काटा वेगळा, की बघणाऱ्याला वाटावं काय चवीने खातेय. एकदा तिचं ताट मी धुवायला नेलं, काट्यांचा ढीग सरकवला तर खाली अर्धा बांगडा तसाच. काही बोलले नाही. बोलणार तरी काय, बांगडा का टाकलास?

मग श्रावण लागला. आपल्याकडे तेव्हा नुस्तं बंदच, वर तिचे सोमवार, मग शनिवार, मग एकादशी, आणि श्रावण संपला तरी हिचे उपास काही संपेनात. उपास करणाऱ्या मुलीला कोण बोलणार, उलट कौतुकच! तिची आई, म्हणजे काकी, मला म्हणायची "बघ, शीक जरा हिच्याकडून." ऑफिसात तर रोज कुणीतरी "काय मस्त बारीक झालीस गो, काय करतेस सांग ना." हे म्हणणाऱ्यांत बहुतेक मीच पहिली होते.

चवथीला त्यांच्याकडे नेवऱ्या (करंज्या) करायला गेले होते. पहाटेपासून ही लाटतेय, चून भरतेय, कातण फिरवतेय, टेबलभर ओळी लावल्या, आल्यागेल्याला आग्रह करकरून वाढल्या, आणि स्वतः एक तोंडात टाकली नाही. रात्री दोन वाजता मला रेसिपीचे रील्स पाठवायची. मला कळेना, जिला खायचं नाही तिला खाण्याचा एवढा नाद कसा? मग वाचताना मिनेसोटाचा प्रयोग सापडला. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते लोक दिवसभर खाण्याबद्दलच बोलायला लागले, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, समोरचं जेवण तासभर चिवडत बसायचे. म्हणजे हा नाद भुकेचाच होता. मी इतके दिवस तिला नाटकी समजत होते.

एवढं कळूनही मी चुकीचंच वागले. पोलीस झाले. किती खाल्लंस, पोई (आपला गोव्याचा पाव) पूर्ण संपव, सोलकढी तरी पी, आणि वर काकीला फोन करून रिपोर्ट. एक दिवस तिला ते कळलं. ती काही भांडली वगैरे नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून आधीची बस पकडायला लागली आणि डबा कुठे खाते तेही कळेना झालं. म्हणजे जे थोडंफार माझ्यासमोर जात होतं तेही माझ्यामुळे बंद.

तेव्हा मी १४४१६ ला फोन केला. टेलि मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ मध्ये सुरू झालं, फुकट, रात्रीही चालू असतं. मला वाटायचं ज्याला त्रास आहे त्यानेच करायचा असतो. तसं काही नाही. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, जेवणाच्या वेळी विषय काढू नका, वजनाबद्दल तर नाहीच, तुम्हाला जे दिसलं तेवढंच सांगा.

दिसलं तर बरंच होतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात स्वेटर. कंगव्यात केसांचे पुंजके. बसमधून उतरताना खांब धरून उभी राहायची. मग मीही तिची आधीची बस धरायला लागले. बाणस्तारीच्या पुलापाशी ट्रॅफिकमध्ये बस अडकली होती तेव्हा मी तेवढंच बोलले, "मंगळवारी तू स्टँडवर डोळे मिटून खांब धरलास, मला भीती वाटली गो." ती म्हणाली काही नाही झालेलं मला, आणि पणजी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. तीन आठवडे काहीच नाही. मी रोज शेजारी बसायचे आणि सिरियलबद्दल, बॉसबद्दल वाट्टेल ते बडबडायचे. मग एकदा जुन्या गोव्याजवळ तीच म्हणाली, "तीन महिने पाळी आली नाही."

पहिल्या डॉक्टरांनी लग्न झालं की अंग भरेल असं सांगून टॉनिक दिलं. (हे वाक्य मी विसरणार नाही.) दुसऱ्या बाई मानसोपचारतज्ज्ञ. जायच्या आधी हिचं एकच, "बांबोळीला टाकणार काय मला?" जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजही तिथेच की, पण टोमण्यात बांबोळी म्हटलं की आपल्याकडे एकच अर्थ, वेड्यांचं इस्पितळ. ह्या बाई पणजीतच बसतात. त्यांनी तिला वजनकाट्यावर आकड्याकडे पाठ करून उभं केलं, आकडा सांगितलाच नाही, रक्तातलं पोटॅशियम बघितलं, ईसीजी काढला. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, आता हिला रोज फिश थाळी खायला घालते, तर त्या ओरडल्याच जवळजवळ. खूप दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की फॉस्फेट घसरतं, हृदयावर येऊ शकतं, म्हणून वाढवायचं ते हळूहळू, तपासण्या करत. जाताना हेही म्हणाल्या की हा खाण्याचा आजार (ईटिंग डिसऑर्डर) दिसायला बारीक असलेल्यांनाच होतो असं नाही, अंगाने भरलेली माणसंही खाऊन मुद्दाम ओकत असतात आणि कुणाला पत्ता नसतो.

सध्या बरी आहे असं मी म्हणणार नाही. परवा अर्धी पोई खाल्ली, काल चहावर दिवस काढला. मी ताटाकडे बघत नाही, म्हणजे बघते, पण तिला कळू देत नाही. काकीला अजून हे उपासाचंच वाटतं आणि चिंचेच्या पाण्याने पित्त गेलं की भूक लागेल असं त्यांचं मत आहे.

बुधवारी परत जायचंय. काल तिने विचारलं, आईला सोबत घेतलं तर चालेल का. मी म्हटलं स्कूटरवर तिघी बसत नाहीत, कदंबाच्या बसने जाऊ.