संग्रहालय बंद असतं तेव्हा

गणपतीला आलेले चाकरमानी विचारतात, माझी जाऊ दर पावसाळ्यात विचारते, आणि यंदा तर संस्थेच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून झाल्यावर एका सभासदांनी उभं राहून विचारलं, "जूनच्या मध्यापासून गणपतीपर्यंत संग्रहालयाला कुलूप असतं. मग बाई रोज तिथे जाऊन करतात काय?" इतकी वर्षं मी "असतं काहीबाही" म्हणून वेळ मारून नेली. त्या दिवशी सभेतही मला धड बोलता आलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून, आता सावकाश लिहून सांगते.

अहवालात काय येतं? माणसं किती आली, शाळांच्या सहली किती, तिकिटाचे पैसे किती जमले, कोणी काय वस्तू दिली. पावसाळ्यातलं काम म्हणजे राखण. जुलैभर कशालाही बुरशी लागली नाही, हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

आपल्याकडे कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा याच महिन्यांत. हवेतला दमटपणा ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कागद आणि चामडं बुरशी धरतं. जुलैत तो नव्वदच्या आसपास असतो. म्हणून कागदांची खोली बंद ठेवायची, हवेतलं पाणी ओढणारं यंत्र चालवायचं, त्याची टाकी दिवसातून तीनदा ओतायची. कपाटांतल्या ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुरचुंड्या रोज बघायच्या, निळे खडे गुलाबी दिसले की बदलायच्या. लाकडी पाळणा, पेटारा, नांगर यांच्याखाली मी काळा कागद अंथरते. सकाळी त्यावर पिवळसर भुकटी सांडलेली दिसली की समजायचं, आत भुंगा जिवंत आहे. समया मात्र मी चिंचेनं घासत नाही. कितीही जणांनी "बाई, काय काळ्या पडल्यात!" म्हटलं तरी नाही. दर वर्षी घासलं की धातूचा वरचा थर जातो आणि तळाशी कोरलेलं देणाऱ्याचं नाव पुसट होत जातं.

एवढं सांगून थांबता आलं असतं. पण मी तिथे रोज का जाते, त्याचं खरं कारण यात आलेलं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. घरांच्या माळ्यापर्यंत चढलेलं पाणी टीव्हीवर बघून मला झोप लागेना. आमची इमारत ओढ्याच्या काठी आहे. खालच्या फडताळात मोडी लिपीतल्या कागदांचे सात रुमाल, म्हणजे गठ्ठे, होते. गावाचा सारा वसूल करणाऱ्या जुन्या खोत घराण्यांकडून आलेले, लाल कापडात बांधलेले. मी ते सगळे माळ्यावर हलवले. आमच्या शिपायानं तेव्हा टोकलं होतं, "बाई, वर नुसती कौलं आहेत." मी त्याला म्हटलं, कौलं गळली तर थेंब पडतील, ओढा आला तर सगळंच जाईल.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगड पट्ट्यात ज्यांनी ते पाहिलं त्यांना सांगायला नको. संग्रहालयाची माळ्यावरची अर्धी कौलं उडाली. पाण्याला घाबरून मी कागद वर नेले आणि पाणी वरूनच आलं.

मी तिथे पोचले ५ तारखेला. हे आजवर मी कोणाला स्पष्ट सांगितलेलं नाही. माझ्याही घराचं छप्पर गेलं होतं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, अंगणात फणस आडवा, रस्त्यावर झाडं आणि विजेचे खांब. त्यात टाळेबंदी. शिपाई वाडीवर अडकलेला. दोन दिवस मी स्वतःच्या घरात ताडपत्री बांधत होते. कोणीही हेच केलं असतं, असं मी स्वतःला सांगते. पण संग्रहालय घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. ३ तारखेच्या संध्याकाळी वारा पडल्यावर मी जाऊ शकत होते, हेही खरं आहे.

भिजलेल्या कागदांना पहिले ४८ तास महत्त्वाचे असतात. तेवढ्यात ते वाळवायचे, जमत नसेल तर गोठवून ठेवायचे, म्हणजे बुरशी थांबते आणि पुढे सवडीनं एकेक पान सोडवता येतं. मला हे माहीत होतं. पण गोठवणार कशात? वीज नव्हती, आणि ती पुढे कित्येक दिवस आली नाही. हर्णै बंदरातून बर्फ मिळेल का, हाही विचार केला. मासेमारी बंद, आणि विजेशिवाय बर्फाचा कारखाना चालणार कसा?

पाच रुमाल कडेला होते, ते नुसते दमटले होते. दोन बरोबर उघड्या जागेखाली. त्यांतला एक हातकागदाचा होता. तो चिवट. शेजारच्या पडवीत दोऱ्या बांधून, जुनी धोतरं आणि सुती लुगडी अंथरून मी त्याची पानं वाळत घातली. काजळाची शाई थोडी पसरली, तरी अक्षर राहिलं. दुसरा रुमाल नंतरच्या काळातल्या गिरणीच्या कागदाचा. तो उशीसारखा फुगला होता. बांबूची पातळ कामटी घालून पान सोडवायला गेले की पान सुटायचंच नाही, लगदा निघायचा. चौथ्या दिवशी त्यावर काळे ठिपके आले आणि पडवीभर कुबट वास सुटला. शेजारच्या वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या घरात लहान मूल होतं. मी तो गठ्ठा उचलून परत नेला. तीन आठवड्यांनी परसात पुरला.

त्या रुमालाची आमच्या नोंदवहीत एकच ओळ होती: "मोडी कागद, रुमाल १." फोटो नाही, यादी नाही. आदल्या हंगामात मी कॅमेरा घेऊन दोन आठवडे तलवारीची मूठ, अत्तरदाणी आणि पानाचा डबा यांचे फोटो काढत बसले होते, कारण लोक तेच बघायला येतात.

पुढच्या वर्षी गणपतीत एक गृहस्थ आले. नालासोपाऱ्याला राहतात, गाव इथून दोन कोसांवर. म्हणाले, "आमचे पणजोबा खोतांचे कूळ होते. तुमच्याकडे खोतांचे कागद आहेत म्हणतात. त्यांत त्यांचं नाव असेल का?" कोणत्या वाडीचे, विचारलं. त्यांनी वाडीचं नाव सांगितलं. त्याच वाडीच्या अर्धेलीच्या, म्हणजे खोताला द्यायच्या निम्म्या पिकाच्या, याद्या त्या पुरलेल्या रुमालात होत्या. कोणत्या कुळानं किती भात घातलं, किती बाकी राहिली, ओळीनं. खोतांच्या घरात तसबिरी आहेत, वंशावळी आहेत. राबणाऱ्यांचं नाव लिहिलं गेलं ते बहुधा असल्याच बाकीच्या यादीत. १९३७ साली बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, १९४९ ला कायदा झाला, खोती गेली. ती नावं आम्ही जपायची होती.

मी त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "वादळात कोणाचं काय राहिलं, मॅडम." आणि तिकिटाचे पैसे द्यायला लागले. मी घेतले नाहीत.

आता मला सांगा, कागद खाली ठेवू की वर? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातले ग्रंथ भिजले. ती बातमी वाचून २०१९ मधली मी पुन्हा बोलायला लागले: बघ, माझं चुकलं नव्हतं. मग शिपायाचं वाक्य आठवतं. सध्या रुमाल मधल्या मजल्यावर, भिंतीपासून हातभर दूर, झाकणाच्या प्लास्टिकच्या पेट्यांत आहेत. बंद पेटीत दमटपणा कोंडतो म्हणून त्या दर आठ दिवसांनी उघडून बघाव्या लागतात. हेच बरोबर आहे, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही.

तर, पावसाळ्यात मी काय करते? यंत्र चालू ठेवून, दार लावून, एकेका कागदाचा फोटो काढते आणि त्यातली नावं वहीत उतरवते. पुराभिलेखवाल्यांच्या वर्गात मोडी शिकले, तरी हात सावकाश चालतो. आधी आडवी रेघ पूर्ण ओढून मग तिला अक्षरं टांगलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. एका पानाला कधी अख्खी दुपार जाते. सभासदांना हा वेग परवडत नसेल तर त्यांनी तसं सांगावं, पण "बंद असतं" म्हणू नये.

गेल्या पावसाळ्यात दोन रुमाल पुरे झाले. त्यांतल्या एकात, शेजारच्या वाडीच्या यादीत, नालासोपाऱ्याच्या गृहस्थांच्या पणजोबांचं नाव सापडलं. धोंडू. पण तसे चार धोंडू आहेत. दोघांपुढे बापाचं नाव आहे, एकापुढे नुसती बाकी, चौथ्याचं पान कसरीनं खाल्लंय. चारही पानांच्या प्रती काढून मी पाकिटात घालून ठेवल्यात. गणपतीत ते आले की त्यांच्यापुढे ठेवीन.